यंत्राच्या तोंडातला वर्ख

सकाळपासून सातव्यांदा संगणकाच्या पडद्यावर तो पिवळा त्रिकोण उगवला, तेव्हा विल्मा पोमानं त्याला आयमारा भाषेत एक शिवी हासडली. मग त्याला कळावी म्हणून तीच शिवी स्पॅनिशमध्येही दिली.

‘यूएसबी पोर्टवर विजेचा भार वाढला आहे,’ त्रिकोणाशेजारी लिहिलं होतं. ‘एक उपकरण पोर्टच्या कुवतीपेक्षा जास्त वीज मागत आहे.’

“कोण मागतंय? नाव सांग की मेल्या!” विल्मा म्हणाली. “नुसतं ‘एक उपकरण, एक उपकरण’. गावातल्या बायकांसारखं, कुणीतरी काहीतरी केलं म्हणे.”

पडद्यानं नाव सांगितलं नाही. टेबलावरच्या लाल डब्याचा हिरवा दिवा तेवढा विझला, आणि दिवा विझला म्हणजे मायक्रोफोन मेला. कोल्पानीच्या रेडिओची सगळी मांडणी एवढीशीच होती. मायक्रोफोन लाल डब्यात, लाल डबा यूएसबीच्या वायरीनं संगणकात, आणि संगणक गच्चीवरच्या मनोऱ्यात. डब्याला लागणारी वीजसुद्धा त्याच वायरीतून यायची. संगणकातली गाणी अखंड वाजत होती, त्यांना डब्याची गरज नव्हती. बोलणं मात्र बंद होतं.

आणि कोल्पानीचा रेडिओ गाण्यांसाठी कुणीच ऐकत नव्हतं. लोक दुपारी बाराला कान टवकारून बसायचे ते निरोपांसाठी. वरच्या वस्त्यांवर फोनला रेंज नाही, रस्ता नाही. कुणाचा नवरा खाणीतून शनिवारी येणार, कुणाच्या पोराला ताप, कुणी कुठल्या ओढ्यावर खेचर घेऊन थांबायचं, सगळं रेडिओवरूनच कळायचं. प्रत्येक निरोप तीनदा वाचायचा, असा रिवाज. एकदा ऐकणाऱ्यासाठी, एकदा ज्याला ऐकू आलं नाही त्याच्यासाठी, आणि एकदा ऐकूनही ज्याचा विश्वास बसत नाही त्याच्यासाठी. अकरा वर्षं विल्मा दुसऱ्यांचे निरोप तीन-तीनदा वाचत आली होती. आज पहिल्यांदा तिचा स्वतःचा निरोप होता, आणि तो खिशात चौपट घडी होऊन पडला होता.

सव्वाअकरा वाजले होते. दाराशी तिची निळी बॅग भरून तयार होती. तीनची बस, ती साडेतीनला काराव्हुमाच्या फाट्यावरून जाते आणि मग सरळ सीमेपर्यंत कुठं थांबत नाही. पुढं आर्जेन्टिना. ब्वेनोस आइरेसला आपल्या लोकांचा एक रेडिओ आहे, तिथं तिला काम मिळालं होतं, दोन वर्षांच्या करारानं. आई काराव्हुमाच्या वस्तीवर लामांच्या कळपापाशी. वस्तीवरून फाट्यापर्यंत पायी दोन तास. म्हणजे निरोप दीडच्या आत गेला पाहिजे. दीडनंतर गेला तर आईला फक्त बसमागची धूळ दिसणार.

तीसुद्धा आई यायचं म्हणाली तर. तो प्रश्न वेगळाच होता.

“ताता!” विल्मानं हाक मारली. “ताता सातुर्निनो, इकडं या जरा. संगणकाच्या पुढून सगळं काढायचंय.”

सातुर्निनो चाम्बिया रेडिओचा राखणदार, झाडूवाला, मनोऱ्यावर चढणारा, आणि विल्मा आजारी असली की निरोप वाचणाराही. वय सत्तरीच्या घरात, म्हणून सगळ्यांचा ताता, म्हणजे बाबा. तो दारात येऊन उभा राहिला, पण आत येईना. टोपी हातात घेऊन नुसता फिरवत राहिला.

“काय काढायचंय?”

“जे जे लावलंय ते सगळं. कोण जास्त वीज खातंय ते बघू. हा तुमचा फोन ना?”

“तो माझा. पण तो बिचारा काय खातोय? म्हातारा झाला तो.”

“म्हातारे जास्त खातात,” विल्मा म्हणाली आणि फोन उपटला. त्याच्या शेजारी पाय शेकायची छोटी गादी होती, ती तिची स्वतःचीच. ती काढली. मग कार्निव्हलमध्ये कुणीतरी आणून लावलेला, डोळे लुकलुकवणारा प्लॅस्टिकचा सैतान काढला. पुढच्या बाजूला एक चार तोंडांची पट्टी होती आणि तिच्यात बाजारातल्या बायकांचे फोन चार्जिंगला लावलेले. बाजारात वीज नाही, रेडिओत आहे. येताजाता बायका खिडकीतून फोन आत द्यायच्या. विल्मानं चारही फोन उपटून खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडले.

खिडकीबाहेर डेल्फिनाचा गाडा. जांभळ्या मक्याचं गरम आपी आणि तळलेल्या पुऱ्या विकायची ती. गाड्यावर तिचा ट्रान्झिस्टर दिवसभर चालू. फोन बाहेर आलेले बघून तिचा चेहरा आंबला.

“काय गं ए! बावीस टक्केच झालाय माझा.”

“मावशी, तुमच्या फोनांनी माझा रेडिओ बुडवला.”

“वा गं वा! महिन्यामागून महिने लावतेय, कधी बुडाला नाही तो. आणि माझं गाढव? आज बाराला पहिला निरोप माझ्या गाढवाचा, कबूल केलंस तू. तपकिरी, डावा कान कापलेला, शुक्रवारपासून बेपत्ता.”

“रेडिओ चालला तर पहिलं तुमचंच गाढव.”

विल्मानं संगणक बंद केला, दहापर्यंत मोजलं, चालू केला. लाल डबा एकटाच लावला. हिरवा दिवा लागला. ती श्वास रोखून बघत राहिली. एक मिनिट, दोन मिनिटं. माइक चालू-बंद करणारा डब्यावरचा दांडा तिनं वरच ठेवला, दिवा टिकला तर लगेच बोलता यावं म्हणून. तिसऱ्या मिनिटाला पिवळा त्रिकोण हजर, आणि दिवा गेला.

चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती. बायकांचे फोन उगीच बाहेर पडले.

तिनं वायर बदलली. कपाटातून नवी, आखूड, जाड वायर काढली. लांब वायरीत वीज कमी पोचते, हे तिनं कधीतरी ओरुरोच्या प्रशिक्षणात ऐकलं होतं. दिवा लागला आणि चाळीस सेकंदांत गेला. मग डबा पुढच्या दुसऱ्या भोकात लावला. तेच. वीज वाचवायची जी काय सेटिंग संगणकात असते ती शोधून बंद केली. तेच. बाहेरून वेगळी वीज देणारी पट्टी असती तर निम्मं काम झालं असतं, पण ती तिनं गेल्या वर्षी शाळेला उसनी दिली होती आणि उसनं दिलेलं शाळेकडून परत येत नाही. माइकसाठी संगणकाला वेगळं गोल भोक होतं खरं, ते मागच्या पावसात वीज पडली तेव्हाच जळलं. इंटरनेट त्याच दिवशी गेलं ते अजून आलं नव्हतं.

“फोनवर बोलून भर ना आत,” डेल्फिना खिडकीतून म्हणाली.

“भरायचं कशानं? त्याच वायरीनं ना!”

“मग आपण मनोऱ्यावर चढून ओरडू.”

बारा वाजले. रोजची सुरुवातीची धून वाजली आणि पुढं काहीच नाही. विल्मानं हुआइनोची गाणी सुरू केली. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. ती खुर्चीवर बसली, उठली, खिडकीशी गेली, परत आली. घड्याळ बघितलं, बारा सात. बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं, बारा आठ. वर काराव्हुमाला आई आता दगडावर बसून जेवत असेल. गळ्यात दोरीनं बांधलेला तिचा छोटा लाल रेडिओ. गाण्यावर गाणं लागतंय, निरोप येत नाहीत, हे तिच्या लक्षात आलं असेल. म्हणेल, पोरीनं जायच्या दिवशी कामाला पाठ दाखवली.

नोव्हेंबरात, मृतांच्या सणाला, विल्मा वर गेली होती तेव्हा तिनं आईला सांगितलं. बापाच्या थडग्यावर भाकरीची बाहुली ठेवता ठेवता सांगितलं, हे तिचं चुकलंच. आईनं बाहुली थडग्यावर नीट टेकवली. मग म्हणाली, “जा. माझी पोर वाऱ्याशी बोलते, वाऱ्यासारखीच जाणार. माझ्याकडं आशीर्वाद मागायला येऊ नकोस. माझे आशीर्वाद लामांना लागतात, यंत्रांना नाही.” अकरा वर्षांत आईनं रेडिओच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. कोल्पानीच्या बाजारात यायची, बटाटे विकायची, समोरून जायची आणि मान वळवायची नाही. विल्माही तिच्याच पोटची. तीही नंतर वर गेली नाही. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, कार्निव्हल गेलं. कार्निव्हलचे चार दिवस तर ती मुद्दाम ओरुरोला मावसबहिणीकडे जाऊन राहिली. गावात आई भेटली आणि बोलली नाही, तर ते सहन झालं नसतं.

खिशातला निरोप तिनं चौथ्यांदा लिहिला होता. ‘नेमेसिया पोमा, काराव्हुमा वस्ती. तुमची मुलगी विल्मा आज साडेतीनच्या बसनं जात आहे. इच्छा असल्यास फाट्यावर यावे.’ ‘इच्छा असल्यास’ तिनं दोनदा खोडलं आणि दोनदा पुन्हा लिहिलं. आई आली नाही तर लाज त्या दोन शब्दांवर ढकलता आली असती.

“ए पोरी!” डेल्फिना खिडकीतून ओरडली. “आत्ता ऐकू आलीस! ‘बंद पड एकदाचा’ म्हणालीस. मग पुन्हा गाणं.”

विल्मानं डब्याकडं बघितलं. दिवा विझलेलाच होता. म्हणजे मधेच लागून गेला होता, अर्धं मिनिट, आणि तेवढ्यात तिची कुरकुर अख्ख्या पठारावर गेली होती. पण माइक बंद करून ठेवावा हे तिला सुचलं नाही. दिवा पुन्हा लागेल तेव्हा दोन वाक्यं तरी जातील, ही आशा.

बारा चाळीसला तिनं शेवटचा प्रयोग केला. लाल डबासुद्धा काढला. संगणकाला काही म्हणता काही जोडलं नाही. कीबोर्ड आणि माउस जुने, गोल पिनांचे, त्यांचा यूएसबीशी संबंध नव्हता. नागडा संगणक, एकटा. ती हाताची घडी घालून समोर बसली.

दोन मिनिटांनी त्रिकोण आला. ‘एक उपकरण जास्त वीज मागत आहे.’

“कुठलं उपकरण?” विल्मा उभीच राहिली. “काहीच नाहीये ना! कोण पितंय मग? ताता, इथं भूत बसलंय का?”

सातुर्निनो अजून दारातच होता. टोपी फिरवून फिरवून तिची कड चुरगळली होती.

“भूत नसेल,” तो हळूच म्हणाला.

“मग काय असेल?”

“मला काय कळतंय यातलं.” आणि तो बाहेर बघू लागला. सातुर्निनो मूग गिळून बसतो तेव्हा त्याच्या मानेवरची शीर उडते, हे गावाला ठाऊक आहे. विल्मालाही ठाऊक होतं, पण आज तिचे डोळे फक्त घड्याळावर होते.

काहीही न लावता वीज जाते, म्हणजे जाते ती एखाद्या रिकाम्या भोकातून. पुढची चार भोकं तिनं टॉर्च लावून बघितली. स्वच्छ. उरली मागची. संगणक टेबलाच्या कप्प्यात, पाठ भिंतीला, आणि टेबलाखाली गाडीच्या दोन जड बॅटऱ्या. ते टेबल वर्षातून एकदा, रंगकामाला हलायचं.

“धरा ताता, ओढा.”

“राहू दे ना आता. पुढच्या आठवड्यात माणूस बोलावू.”

“पुढच्या आठवड्यात मी कुठं असेन? ओढा म्हणते ना!”

दोघांनी ओढलं. म्हातारा धापा टाकत होता, पण ओढण्यापेक्षा त्याचं अडवणंच जास्त वाटत होतं. टेबल वीतभर हललं, मग हातभर. विल्मानं लाल डबा पुन्हा पुढं लावला, म्हणजे दुरुस्त झालं की दिव्यावरून लगेच कळेल. मग ती पोटावर झोपून टेबलामागं शिरली.

आधी वास आला. शिळ्या बिअरचा, गोडसर. मग टॉर्चच्या उजेडात दिसलं. संगणकाच्या पाठीवर वाळलेले ओघळ, पत्र्याला चिकटलेली गुलाबी-पिवळी कागदी टिकली, कोकाची दोन पानं. चाल्या! कुणीतरी तिच्या यंत्रावर चाल्या केली होती!

गेल्या मंगळवारी, कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी, सगळ्या गावानं केली होती. त्या दिवशी जे जे आपल्याला खाऊ घालतं त्यावर बिअर शिंपडायची, फुलं उधळायची, रंगीत कागदाच्या माळा घालायच्या. घरावर, ट्रकवर, शिवणयंत्रावर, डेल्फिनाच्या गाड्यावर. पण रेडिओत विल्माची सक्त ताकीद होती. दाराच्या आत मोठ्या अक्षरांत पाटीच लावली होती, ‘यंत्रांवर चाल्या करू नये. उंबऱ्यावर करावी.’ पाच वर्षांपूर्वी एका भक्तानं जुन्या ट्रान्समीटरवर दारू ओतून गावाला एकोणीस दिवस मुकं केलं होतं, तेव्हापासून.

आणि एका रिकाम्या यूएसबी भोकात काहीतरी चमकत होतं. चंदेरी वर्ख. धरणीमातेच्या नैवेद्यावर ठेवतात तो पातळ वर्ख, कुणीतरी नखानं आत नीट कोंबलेला. आठवडाभर तो नुसता अडकून होता, आज सकाळपासून संगणकाच्या पंख्याच्या थरथरीनं आतल्या पिनांना कधी टेकायचा, कधी सुटायचा. विजेला आडवाटेनं पळायला तेवढं पुरेसं होतं.

विल्मानं आधी संगणकाच्या मागचं बटण बंद करायला हवं होतं. केलं नाही. केसांतली प्लॅस्टिकची पिन काढली, वर्ख अलगद ओढून बाहेर काढला, आणि सकाळपासून साचलेलं सगळं तिच्या तोंडातून बाहेर पडलं.

“कुठल्या अडाण्यानं केलंय हे? हं? कुठल्या दळभद्री हातानं माझ्या यंत्रात हा कचरा कोंबला? तो हात मला दाखवा एकदा. तोडून ठेवते मनगटापासून! आज, आजच्या दिवशी, कुठल्या मूर्खानं—”

“विल्मे!” बाहेरून डेल्फिना किंचाळली. “विल्मे, गप! सगळं ऐकू येतंय!”

विल्मानं टेबलामागून डोकं वर काढलं. लाल डब्याचा हिरवा दिवा लागला होता. स्थिर, शांत, जणू सकाळपासून तसाच होता. वर्ख निघाला त्याच क्षणी माइक जिवंत झाला होता आणि दांडा वर होता. शिव्या पठारभर पोचल्या होत्या, स्वच्छ आवाजात.

तिनं धावत जाऊन दांडा खाली केला. एक वाजून सतरा मिनिटं झाली होती.

“बरं झालं,” ती म्हणाली. कानशिलं तापली होती. “ज्यानं केलं त्यानंही ऐकलं असेल. ताता, किल्ली तुमच्याकडं होती. कोण आलं होतं मंगळवारी?”

सातुर्निनोनं टोपी डोक्यावर घातली. परत काढली.

“तुझी आई,” तो म्हणाला.

संगणकातलं गाणं संपलं आणि दुसरं सुरू झालं.

“मी पाटी दाखवली तिला,” सातुर्निनो म्हणाला. “म्हणाली, मला वाचता येत नाही. येत नाहीच तिला. विचारलं, पोर कधी जाणार? सांगितलं, सोमवारी. मग म्हणाली, यातलं तिचं जनावर कुठलं? मी म्हटलं, माइक. तर म्हणाली, ते पिल्लू झालं, त्याची आई कुठाय? मग मी संगणक दाखवला. विचारलं, हे खातं कुठून? आता मी काय सांगू, विल्मे? मागं भोकं आहेत, तिथून वायरी जातात, वीज तिथूनच, असं म्हटलं. तिनं मागं हात घातला आणि म्हणाली, ‘खा रे बाबा पोटभर. तिला उपाशी ठेवू नकोस तिकडं.’ मला वाटलं वर्ख वर ठेवतेय. आत कोंबला ते मला दिसलं नाही. तुला सांगू नकोस म्हणाली. म्हणाली, पोरगी हसेल.”

“आणि तुम्ही सकाळपासून नुसते उभे!”

“तिला शब्द दिला होता,” म्हातारा म्हणाला. “आणि तुझी भीतीही वाटते.”

विल्मा पुन्हा टेबलामागं वाकली. टॉर्चची गरज नव्हती. वायरींच्या जुडग्याला, जिथून त्या संगणकातून निघतात तिथं, लोकरीचा गोंडा बांधला होता. गुलाबी आणि हिरवा, दुहेरी गाठीचा. कार्निव्हलमध्ये आई लामांच्या कानात असेच गोंडे ओवते. गोंडा कानात असलेलं जनावर आपलं. ते कितीही लांब चरायला गेलं तरी कोंडवाड्यात परत येतं. ती गाठ विल्मानं हजार वेळा बघितली होती, पाचव्या वर्षी शिकायचा प्रयत्नही केला होता, पण जमली नव्हती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. चार महिने जो आशीर्वाद आई देत नाही म्हणून ती धुमसत होती, तो आठवडाभर तिच्या पायांजवळ बांधलेला होता. आणि त्याच हाताला तिनं दळभद्री म्हटलं होतं, तेही साऱ्या पठारासमोर. आईनं ऐकलं असणारच. त्या वेळेला तो रेडिओ तिच्या गळ्यातून कधीच उतरत नाही. आई मानी बाई. आता फाट्यावर येणं सोडाच, ती रेडिओ दगडावर आपटेल.

“अगं, रडतेस काय?” डेल्फिना खिडकीतून अर्धी आत आली होती. “वेळ किती राहिलाय? बोल!”

“पहिला निरोप तुमच्या गाढवाचा.”

“माझं गाढव काही आर्जेन्टिनाला चाललं नाही! बोल आधी!”

विल्मा माइकसमोर बसली. खिशातला कागद काढला, ‘इच्छा असल्यास’ वाचलं आणि कागद बाजूला ठेवला. दांडा वर केला. गाणं हळू हळू बंद केलं. एक पंचवीस.

“नेमेसिया पोमा, काराव्हुमा वस्ती,” ती आयमारात म्हणाली, अकरा वर्षांच्या सवयीच्या आवाजात. पुढं तो आवाज राहिला नाही. “आई, विल्मा बोलतेय. मघाशी मी जे बोलले ते मला माहीत नसताना बोलले. तू माझ्या यंत्राला जेवायला घातलंस. त्याला जास्त झालं, म्हणून ते दिवसभर उलट्या करत होतं. आता बरं आहे. गोंडा मी काढलेला नाही. मी साडेतीनला फाट्यावरून जाणार. ये. नक्की ये, आई. तुझ्याशिवाय मला बसमध्ये बसवणार नाही.”

रिवाजाप्रमाणे तिनं ते तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना शब्द मागंपुढं झाले, पण काही गाळलं नाही. मग तपकिरी गाढव, डावा कान कापलेला. मग उरलेले नऊ निरोप, भरभर, प्रत्येक तीनदा. दोन वाजेपर्यंत हिरवा दिवा एकदाही हलला नाही.

बसमध्ये ती डाव्या खिडकीशी बसली आणि तीसही मिनिटं बाहेर बघत राहिली. सातुर्निनो आणि डेल्फिनानं कसा निरोप दिला ते तिला नीट आठवेना. हातात आपीची गरम पिशवी होती, म्हणजे डेल्फिनानं दिली असावी. ती हिशोब करत होती. एक पंचवीसला निघाली तर तीन पंचवीस. पण निघायच्या आधी लामा कोंडाव्या लागतात, म्हणजे तीन चाळीस. पण रागावली असेल तर निघालीच नसेल. ड्रायव्हरला तिनं दोनदा सांगितलं होतं, फाट्यावर दोन मिनिटं थांबा. तो म्हणाला होता, “दोनच हं, बाई. मला सीमा गाठायचीय.”

वळण आलं. फाट्यावर दगडांची जुनी रास आहे, येणारा-जाणारा एक-एक दगड टाकतो. राशीला टेकून एक बाई बसली होती. काळी शाल, तपकिरी हॅट, मांडीवर लाल रेडिओ. शेजारी सोललेल्या अंड्याची टरफलं होती. नुकती आलेली माणसं अंडी सोलून खात नाहीत.

विल्मा बस थांबायच्या आत दारात होती.

“कधी आलीस?” तिनं धापा टाकत विचारलं.

“अकराला,” आई म्हणाली. “सातुर्निनोनं मंगळवारीच सांगितलं होतं. निरोपाची वाट बघत बसले असते तर तुमच्या रेडिओच्या भरवशावर मेलेच असते. काय ते गाण्यावर गाणं!”

“आई, मी मघाशी—”

“ऐकलं. दळभद्री हात.” आईनं तो हात पुढं केला, उलटसुलट करून बघितला. “खरंच आहे. लामाचा कान कुठं टोचायचा ते मला कळतं. त्या पेटीचं तोंड कुठं आणि नाक कुठं, ते नाही कळलं.”

“ऐकून निघून नाही गेलीस?”

“रागानं दोन तास चढ चढायचा? माझे गुडघे बघितलेस का?”

मागं ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. आईनं शालीच्या आतून एक पुरचुंडी काढून विल्माच्या हातात कोंबली. वाळवलेलं मांस, काळे बटाटे, चीज. मग कमरेच्या बटव्यातून गुलाबी-हिरव्या लोकरीचा एक लहानसा गोंडा काढला.

“कान पुढं कर.”

“आई, बसमधले लोक बघतायत.”

“बघू देत. कळपात सोडताना सगळेच बघतात.”

विल्मानं मान वाकवली. आईनं गोंडा तिच्या कानातल्या रिंगेत ओवला आणि दुहेरी गाठ मारली. बोटं थंड आणि खरखरीत होती. भोंगा पुन्हा वाजला, या वेळी लांब. विल्मानं आईचा तो उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेना.

“चल, बस आता,” आईनं हात सोडवून घेतला. “तोडायचाच असेल तर परत येऊन तोड. मी ठेवते तोवर.”